नदी तीच, पाट्या बदलत्या : यवतमाळच्या वाहनक्रमांकांचा इतिहास

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. आज तिच्या पलीकडे काही भागात तेलंगण आहे. सप्टेंबर १९४८ पूर्वी तेथे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. चलन हाली शिक्का, कायदे निराळे. नदी ओलांडणे म्हणजे जवळजवळ परदेशगमनच.

२/ गंमत अशी की, यवतमाळही कागदोपत्री निजामाचेच होते! १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले आणि १९०२ च्या करारान्वये कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिले.

३/ १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाडास ‘सीपी’ ही अक्षरे दिली. पुढे जिल्हा मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. माणसे जागची हलली नाहीत, राज्येच बदलली.

४/ आजचा ‘एमएच २९’ हा १९८८ च्या कायद्यानंतरचा. या कायद्यानुसार परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. शिवाय वाहनकर हा राज्यसूचीतील विषय. म्हणून करही नव्या राज्यात भरावा लागतो.

५/ पलीकडच्या आदिलाबादची पाटी ‘एपी ०१’ होती. तेलंगण झाल्यावर ‘टीएस ०१’, २०२४ पासून नव्या गाड्यांना ‘टीजी ०१’.

६/ २०२१ मध्ये आलेल्या ‘बीएच’ मालिकेने ही पुनर्नोंदणी टळते. परंतु ती मुख्यतः सरकारी नोकरदार आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. पैनगंगाकाठच्या शेतकऱ्यास जुनाच नियम लागू आहे.