खोली भाड्याची, चूल कुणाची?

मित्रांनो, मालक नुसती खोली भाड्यानं देतो की आपलं जगणंही ताब्यात घेतो, हा सवाल जुना आहे.

१९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर गेले. कोलंबियात शिकून आलेला माणूस. पण हिंदू हॉटेल दारात उभं करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग पारशांची सराय. दिवसाला दीड रुपया भाडं, आणि रजिस्टरात पारशी नाव. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. सराय बाटवलीस म्हणाले. संध्याकाळच्या आत खोली खाली कर! हिंदू मित्रानं सांगितलं, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानं बायकोकडे बोट दाखवलं. उरली कमाठी बाग आणि रात्रीची मुंबईची गाडी. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवलंय.

नीट बघा. भाडं थकवलं म्हणून नाही, दंगा केला म्हणून नाही. नाव खोटं निघालं, म्हणजे जात खरी निघाली, म्हणून बाहेर काढलं. आणि नुसत्या पारशांवर राग धरून भागणार नाही. हिंदूंचं दार तर त्याआधीच बंद होतं.

पुढच्याच वर्षी, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडं किती घ्यायचं ते कायद्यानं बघितलं. खोली कुणाला द्यायची ते मालकावरच सोडलं. १९४७ च्या भाडे कायद्यानं आत शिरलेल्या भाडेकरूला बळ दिलं. काढायचं तर मालकानं कोर्टात कारण शाबीत करायचं. भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, शेजाऱ्याला उपद्रव झाला, मालकाला स्वतःला जागा लागली, अशी कारणं. ‘मला तुझं वागणं आवडत नाही’ हे कारण त्यात नाही. नळ, वीज तोडून छळायलाही बंदी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही भाडेकरूला हे संरक्षण आहे.

मग मालकाची दादागिरी चालते कशी? अकरा महिन्यांच्या कागदानं. लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्यानं भाडेकरू नाही. मुदत संपली की निघ, कारण सांगायची गरज नाही. कागद पुन्हा करायचा की नाही हे मालकाच्या हातात, म्हणून न लिहिलेले नियमही चालतात. मटण नको. मच्छी नको. पाहुणे नकोत. भिंतीवर तो फोटो नको. बडोद्यात शब्द होता ‘बाटलं’. आता शब्द आहे ‘वास येतो’.

शब्द का बदलला? कायद्याच्या भीतीनं. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा. त्याच्या चौथ्या कलमात कुठल्याही वस्तीत घर बांधणं, घेणं, राहणं आलेलं आहे. अस्पृश्यतेच्या कारणानं त्यात कुणी आडवा आला तर एक ते सहा महिने कैद आणि दंड. बाराव्या कलमानं तर, माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपायीच झालं असं कोर्टानं धरायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं शाबीत करायचं. म्हणून मालक जातीचं नाव घेत नाही, ताटाचं घेतो.

पण संविधानातही एक फट राहिली. कलम १५ मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता आहे. भाड्याची खोली नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सभासद फक्त पारशीच असावेत हा नियम ग्राह्य धरला. बडोद्याच्या सरायीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

भिंत फोडू नको, रात्री शेजाऱ्याची झोप मोडू नको, हे मालकानं जरूर सांगावं. ते खोलीबद्दल आहे. काय शिजवतोस, कुणाला मानतोस, घरी कोण येतं, हे माणसाबद्दल आहे. ते भाड्यात येत नाही.

तेव्हा दोस्तहो, वस्तीवस्तीत वही ठेवा. कुणाला कुठं खोली नाकारली, तारीख काय, मालक काय बोलला, सोबत कोण होतं, सगळं लिहा. कागदावर सही करण्याआधी प्रत्येक अट मोठ्यानं वाचायला लावा. तक्रारीला एकट्याला पाठवू नका, चारजण जा. आणि खोलीसाठी आडनाव बदलू नका. नाव बदलून मिळालेली खोली किती दिवस टिकते ते बडोद्यानं दाखवलंय.

जय भीम.