बंधन मागणारी मुले

स्वतःच्या देहाला जपण्याची प्रेरणा प्राणिमात्रांत इतकी खोल रुजलेली आहे की, एखादे मूल स्वतःचेच ओठ व बोटे चावून रक्तबंबाळ करते असे ऐकले म्हणजे कोणी त्याच्या हट्टाला दोष देतो, कोणी आईबापांच्या वळणाला. परंतु अशा विपरीत वर्तनाचे मूळ शरीरातील रसायनातही असू शकते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड झाले.

या शोधाचा आरंभ अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. तेथे आणलेल्या एका लहान मुलाच्या लघवीतून रक्त जात होते व तीत स्फटिक आढळत होते. तपासणीत ते यूरिक आम्लाचे निघाले. हे आम्ल वैद्यकास अपरिचित नव्हते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ते मुतखड्यातून वेगळे केले होते; प्रौढांच्या ‘गाऊट’ या सांधेदुखीशी त्याचा असलेला संबंधही ठाऊक होता. पण कोवळ्या वयात ते एवढे साचावे कशाने? शिवाय या मुलाचे हातपाय त्याच्या ताब्यात नव्हते, आणि तो स्वतःस चावत असे. त्याच्या थोरल्या भावाचीही तीच अवस्था होती. डॉ. विल्यम नायहन आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लेश यांनी १९६४ मध्ये या दोघा भावांची हकीकत प्रसिद्ध केली. या विकाराला पुढे त्या दोघांचेच नाव मिळाले.

तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, सीगमिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले. जुने घर पाडताना चांगल्या विटा निवडून नव्या कामास घ्याव्यात, तसे पेशींतील प्यूरीन नावाचे घटक पुन्हा उपयोगात आणणारे एक विकर शरीरात असते. या मुलांत ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे जुना माल यूरिक आम्ल होऊन वाया जातो, आणि नवा गरजेपेक्षा फाजील तयार होतो. हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो बहुधा आईकडून येतो; ती स्वतः सहसा निरोगी असते, आणि रोग मुख्यतः मुलग्यांत प्रकटतो.

हिचिंग्ज व एलियन यांच्या संशोधनातून आलेल्या अॅलोप्युरिनॉल या औषधाने यूरिक आम्ल आटोक्यात आले आणि मूत्रपिंडांचे रक्षण होऊ लागले. चावणे मात्र थांबले नाही. १९८१ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन या द्रव्याची मोठी उणीव आढळली. तरी तिच्यातून हे वर्तन कसे उद्भवते, याचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही.

या मुलांना वेदना कळत नाहीत, असा समज होणे साहजिक आहे. पण तो खरा नाही. त्यांना दुखते, आणि ती आक्रोश करतात. हात मोकळे झाले की ती भेदरतात, आणि बांधले की शांत होऊन हसूबोलू लागतात. कित्येक मुले आपण होऊन हात बांधण्याची विनवणी करतात. परक्याच्या नजरेला जी क्रूरता वाटते, ती येथे आईने दिलेली माया असते. हातांवर ताबा नसलेले मूल आपल्या देहाच्या रक्षणाची प्रेरणा गमावून बसलेले नसते. ते काम दुसऱ्या कोणी तरी करावे, एवढेच ते मागत असते.