फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम

फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही मृत लाकडावर वाढून ते कुजवणारी बुरशी आहे. तिचा समावेश गदाबीजाणू कवकांच्या पॉलिपोरेलीझ गणात होतो. तिला छत्रीसारखी टोपी किंवा देठ नसतो. लाकडाला चिकटलेला फिकट, पातळ पापुद्रा हेच तिचे फलनांग होय. १९७४ मध्ये या जातीचे सध्याच्या नावाने वर्णन झाले. तिची अलैंगिक, भुकटीसारखी अवस्था जुन्या ग्रंथांत स्पोरोट्रायकम पल्व्हेरुलेंटम या नावाने आढळते.

लाकूड कुजण्याची क्रिया

लाकडातील सेल्युलोजच्या तंतूंना लिग्निन घट्ट धरून ठेवते. लिग्निनची रचना अनियमित असल्याने बहुतेक सूक्ष्मजीवांना ते पचत नाही. ही बुरशी मात्र पेशीबाहेर पेरॉक्सिडेज विकरे सोडून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्याचे ऑक्सिडीकरण करते. लिग्निन गेल्यावर लाकूड फिकट व तंतुमय होते, म्हणून या प्रकाराला ‘पांढरी कूज’ म्हणतात. लिग्निन तिचे मुख्य अन्न नव्हे. नायट्रोजनाची टंचाई झाली की हे विघटन सुरू होते. लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १९८३ मध्ये लागला. २००४ मध्ये तिचा सुमारे ३ कोटी आधारजोड्यांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. गदाबीजाणू कवकांपैकी तो पहिलाच होता.

तापमान आणि लाकूडसाठा

सुमारे ४०° से. तापमानाला ती जोमाने वाढते. आतून तापणाऱ्या ढलप्यांच्या ढिगांत ती आढळते, याचे कारण हेच.

नागपुरातील लकडगंज हा भाग लाकूडबाजार व आरागिरण्यांसाठी ओळखला जातो. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील उष्णतेपेक्षा पावसाळ्यातील ओल अधिक घातक असते. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास कुजवणाऱ्या बुरशा सहसा वाढत नाहीत. म्हणून फळ्या जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून व छपराखाली रचतात. सागाचे मध्यकाष्ठ टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे टिकते, पण त्याचे रसकाष्ठ लवकर कुजते. ‘साग कुजत नाही’ हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे.

उपयोग

तिची विकरे विशिष्ट रचनेशी बांधलेली नसल्याने डीडीटी व कापडरंगांसारख्या संयुगांवरही ती क्रिया करतात, असे १९८५ पासूनच्या प्रयोगांत दिसले. तथापि, मातीतील इतर सूक्ष्मजीवांच्या स्पर्धेत ती फारशी टिकत नाही. प्रयोगशाळेतील यश प्रदूषित जमिनीवर उतरवणे त्यामुळे अवघड ठरले आहे.