उन्हाळ्याची सुटी आणि प्रयोगशाळेचे दार

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातल्या नोकऱ्यांच्या मागण्या आपण वारंवार सांगतो. शिक्षणाचा मुद्दा मात्र मागे पडतो. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे भागणार नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शिष्यवृत्त्या आल्या, आपली मुले बी.एस्सी.च्या वर्गात बसली. पण वर्ग म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे कोणी ध्यानात घेतले?

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते जर्नलमध्ये उतरवायचे एवढेच. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा फरक बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत कळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९८८ साली स्थापन झालेली पुण्याची आयुका आणि देशातल्या विज्ञान अकादम्या यांनी अशा उन्हाळी जागा निर्माण केल्या. तिथे ज्याची ओळख होते, त्याला पुढची दारे उघडतात.

मेघनाद साहांचा इतिहास आठवा. ढाका जिल्ह्यातल्या छोट्या दुकानदाराचा, खालच्या गणलेल्या जातीतला हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसायचे नाकारले. १९२० साली याच माणसाने ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण दिले. बुद्धी त्यांची होतीच. पण शाळेत असताना एका डॉक्टरने दिलेला आसरा आणि पुढे लंडनला फाउलर यांच्या प्रयोगशाळेत मिळालेली जागा वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

आता आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्याकडे पाहू. १८५३ साली पहिली रेल्वे ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. रेल्वे, अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, वागळे इस्टेट, डोंबिवलीची एम.आय.डी.सी. यांच्याभोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. या वस्त्यांतल्या मुलाला सुटी म्हणजे कमाईचा हंगाम. दुकानात, केटरिंगवाल्याकडे, शिकवण्या घेऊन तो पुढच्या वर्षाची फी जमवतो. आठ आठवड्यांचे संशोधन म्हणजे त्याच्या लेखी आठ आठवड्यांची मजुरी बुडणे. मानपत्र आधी आणि विद्यावेतन मागाहून, हा हिशेब त्याच्या घरात बसत नाही.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. हे केंद्र मानखुर्दला आहे. कल्याणहून कुर्ल्याला गाडी बदलली की मानखुर्द. म्हणजे अंतर मैलांचे नाही. सूचना इंग्रजीत निघते. शिफारसपत्र लागते, पण प्रात्यक्षिक संपताच कामाच्या पाळीसाठी लोकल गाठायला धावणाऱ्या मुलाचे नाव प्राध्यापकांना कुठे ठाऊक असते? दार नियमाने बंद नाही, म्हणूनच ते बंद आहे हे सिद्ध करणे अवघड जाते.

ही मुले कमी पडतात, हे मला मान्य नाही. याच केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि आगरकर यांनी मुंबई पालिकेच्या शाळांतल्या वंचित मुलांबरोबर काम केले आणि १९८५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. संधी आणि समजेल अशी भाषा मिळाली की ही मुले पुढे जातात, हे त्यातून दिसले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन संशोधनाला घेण्याची योजना चालवली. त्याआधीची १९५८ची तशीच योजना मात्र ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बंद पडली होती. आपल्याकडे १९९९ साली आलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये गुंडाळली गेली. सरकारने दिलेली संधी सरकार काढूनही घेते. म्हणून मागणी संघटितपणे केली पाहिजे: विद्यावेतन आगाऊ मिळावे, स्थानिक विद्यार्थ्यालाही वसतिगृह मिळावे, सूचना मराठीत लागावी, राखीव जागांचा हिशेब प्रसिद्ध व्हावा.

आणि एक काम आपले. उन्हाळ्याचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यातच भरावे लागतात. १४ एप्रिलच्या मंडपात आपण करिअरचे मार्गदर्शन ठेवतो, तोवर बहुतेक मुदती संपलेल्या असतात. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ही यादी दिवाळीनंतर लगेच वस्तीतल्या फळ्यावर लावावी आणि ६ डिसेंबरपर्यंत प्रत्येक बी.एस्सी.च्या मुला-मुलीच्या हातात अर्ज द्यावा.