गुटीतला ओक, माळवदाचा साग

तुमच्या घरी बाळाच्या गुटीचा डबा असेल तर एकदा उघडून बघा. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा यांच्यासोबत त्यात गोटीएवढं, खडबडीत मायफळ असतं. नावात फळ असलं तरी ते फळ नाही. ओकच्या फांदीवर गांधीलमाशीच्या जातीतला एक बारीक कीटक अंडी घालतो आणि झाड त्याभोवती गाठ तयार करतं, ती ही गाठ. आपल्याकडे येते ती इराण-तुर्कस्तानाकडच्या ओकवरची. दख्खनमध्ये ओक निसर्गतः उगवतच नाही; हिमालयात तो बांज नावानं भेटतो. तरीही आपल्या कित्येक पिढ्या ओक सहाणेवर उगाळत आल्यात.

हे आठवलं मावसभावामुळे. कन्नड तालुक्यातलं आजोळचं जुनं माळवद उतरवलं, तेव्हा निघालेल्या सागवानी कड्या त्यानं शहरात आणल्या. त्या चिरून सिडकोतल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग करायचं आणि त्यावर ‘स्मोक्ड ओक’ शेड चढवायची, असा बेत. मावशीला ते मान्य नाही. मी टॅनिनवर पीएचडी करतोय, म्हणून पंच म्हणून मला बोलावलं.

आधी टॅनिन म्हणजे काय ते सांगतो. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, ती याच्यामुळे. चांगल्या मायफळात वजनाच्या निम्म्याहून जास्त टॅनिन असतं, हिरड्यातही भरपूर. त्यात लोखंडाचे क्षार पडले की रंग निळसर काळा होतो. युरोपात शेकडो वर्षं शाई अशीच बनायची: मायफळ, हिराकस आणि डिंक. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घेऊन कापड काळं रंगवायचे. रसायन एकच.

ओकच्या लाकडातही टॅनिन असतं. त्यामुळे त्याला रंग ‘लावावा’ लागतोच असं नाही, तो आतून काढता येतो. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन-चार दिवस ठेवून ते पाणी ओकवर फिरवलं की फळी डोळ्यांदेखत काळवंडते. (स्टेनलेसची घासणी घेऊ नका, गंजणारं लोखंडच हवं.) बंद खोलीत अमोनियाची वाफ दिली तर ओक गडद तपकिरी होतो. शोरूममधला ‘स्मोक्ड ओक’ मूळचा हा. त्यात धूर नसतोच!

सागात टॅनिन ओकच्या मानानं कमी. अमोनियानं त्याचा तसा रंग निघत नाही. म्हणजे मावसभावाच्या डब्यात जे आहे ते निव्वळ रंगद्रव्य, ओकचं नाव लावलेलं. आणि गंमत बघा, त्या कड्यांनी आजीच्या चुलीचा खराखुरा धूर खाल्लेला आहे. रंध्याखाली पहिल्यांदा तोच जाणार.

इतिहासात ओक आणि साग यांच्यात निवड करायची वेळ आधीही आली होती. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला जहाजांसाठी ओक कमी पडू लागला. मग त्यांच्या आरमाराची काही जहाजं मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली, मलबारी सागात बांधली गेली. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतंय. ओकमधली आम्लं लोखंड खातात, खिळ्याभोवती काळं वर्तुळ धरतं. तेलकट सागात लोखंड जास्त टिकतं. १८६० च्या ‘वॉरियर’ या युद्धनौकेवर साडेचार इंच लोखंडी चिलखताच्या मागे १८ इंच जाड सागच बसवला होता. ओकच्या देशानं ज्या लाकडासाठी मुंबई गाठली, त्याला आपण ओकचं सोंग द्यायचं? मला तरी हे पटत नाही.

अर्थात सोंगाची परंपरा आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्याला छताखाली लाकडी कमानी होत्या. त्या गेल्या, खोबणी राहिल्या. पुढे वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात, साधारण सातव्या शतकात, कारागिरांनी त्याच कमानी सरळ दगडात कोरल्या. लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. छताला भार पेलायला त्यांची गरज नाही. लाकडाची सवय डोळ्यांत राहिली होती.

एक मात्र लक्षात घ्या: मराठवाड्याच्या घरात लाकूड पायाखाली फारसं नव्हतं, ते डोक्यावर होतं. खाली सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी. वर खांब, तुळया, कड्या, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, घर मोजायचं ते खणांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात याच जड मातीनं आणि दगडी भिंतींनी माणसं गाडली. पण अनेक घरांत भिंती कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता. आमचं माळवद उतरवलं ते बरंच झालं. लाकडाचा मात्र दोष नव्हता.

मग निवड कशी करायची? इथे मे महिन्यात हवा कोरडी ठाक आणि ऑगस्टमध्ये दमट. लाकूड आकसतं आणि फुगतं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत पांढरा ओक रुंदीत, वर्तुळांच्या दिशेनं, सुमारे १०.५ टक्के आकसतो, साग ५.८ टक्के. आपल्या हवेत फटी कुठे जास्त पडतील ते यावरून कळतंच. सागाच्या गाभ्याला वाळवीही सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. तो भाग सुताराकडून काढून घ्या. पॉलिशआधी फळी थिनरनं पुसा, नाहीतर सागाचं अंगचं तेल पॉलिश नीट धरू देत नाही. आणि नुकत्या रंधलेल्या सागाचा रंग बघून काही ठरवू नका. तो आधी हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. उजेडात ठेवला की काही आठवड्यांत सोनेरी होतो.

गडदच हवा असेल तर हिरड्याचा काढा आधी लावा, वाळू द्या, मग खिळ्यांचं पाणी. टॅनिन बाहेरून द्यायचं, एवढंच. असा एक तुकडा मी करून दिलाय. दुसऱ्यावर त्याची ‘स्मोक्ड ओक’ शेड आहे, तिसरा नुसता जवसाच्या तेलाचा. तिसऱ्यात जुन्या खिळ्याचं भोक आहे आणि भोवती फिकट काळं कडं, ऑक्झॅलिक आम्लानं ते निघेल म्हटलं, तर मावशी म्हणाली, “राहू दे की.” तिन्ही तुकडे गॅलरीत ठेवलेत. पावसाळा संपेपर्यंत एकही फळी ठोकायची नाही, एवढं दोघांकडून कबूल करून घेतलंय.