लंगडा आंबा, बनारसी

लंगडा आंबा, बनारसी : उत्तर प्रदेशातील वाराणसी परिसराची कलमी आंब्याची जात. फळ जून-जुलैत तयार होते आणि पिकल्यावरही साल हिरवटच राहते. बनारसमधील एका पायाने अधू माणसाच्या झाडापासून ही जात पसरली, अशी आख्यायिका आहे. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

अभिवृद्धी : उत्तर भारतीय जातींच्या कोयीत सहसा परागीभवनातून झालेला एकच गर्भ असतो. त्यामुळे कोय रुजवल्यास मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून रायवळाच्या, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या आंब्याच्या, खुंटावर लंगड्याची काडी बांधतात. खुंट झाडागणिक निराळे असले, तरी वरचा विस्तार आनुवंशिक दृष्ट्या एकाच झाडाचा असतो. चव टिकते ती यामुळेच आणि जातीचे दुबळेपणही यातच आहे.

फलधारणा : दशहरी व चौसा यांच्याप्रमाणे लंगड्याला स्वतःच्या परागाने फळ जवळजवळ धरत नाही. शेजारचे लंगड्याचे झाडही त्याचाच पराग देते. त्यामुळे निव्वळ लंगड्याची सलग बाग मोहोराने भरली, तरी फळाला कमी पडू शकते. बागेत दुसऱ्या जातीची झाडे लागतात.

रोग : उत्तर भारतात आंब्यावर गुच्छा रोगाचा उपद्रव मोठा आहे. फ्युजेरियम बुरशीमुळे मोहोर आखूड, जाड व गच्च होतो. त्याला फळ धरत नाही आणि वाळलेले काळे गुच्छ फांदीवर लटकत राहतात. रोगट झाडाची काडी कलमासाठी घेतली, तर रोग नव्या बागेत पोहोचतो. गुच्छ खालच्या निरोगी लाकडासह छाटून जाळतात.

हवामान : ही जात वर्षाआड फळते. रायवळाच्या बागेत मोहोर मागेपुढे येतो. कलमांचा मात्र साधारण एकाच सुमारास येतो. त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला, की करपा व तुडतुडे सगळ्या बागेला एकदम गाठतात. मार्चमधील उष्ण वाऱ्याने मोहोर व कणी गळते. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरलेल्या २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील आंब्याला मोठा फटका बसला.

तुलना : एकाच जातीच्या सलग लागवडीचा असाच धोका इतरत्रही दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर रोगाने ग्रो मिशेल या केळीचा निर्यात व्यापार मोडला. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटाला त्याच रोगाच्या ‘टीआर ४’ प्रकाराने गाठले असून तो अयोध्या परिसरातही आढळला आहे. जळगावची ग्रँड नैन ही केळीही याच गटातली. कोकणात हापूसच्या गरातील साका हा दोषही बागांमागून बागांत दिसतो.

उपाय : निरोगी मातृवृक्षांची काडी, मिश्र बागा आणि कोयीपासून वाढलेल्या जुन्या (बीजू) झाडांचे जतन यांवर भर दिला जातो. लखनौजवळील रहमानखेडा येथील केंद्रीय संस्थेत आंब्याच्या शेकडो जाती राखल्या आहेत. दशहरी व नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली दरवर्षी फळते. पण तीही कलमानेच वाढवावी लागते. त्यामुळे एकाच जातीच्या सलग लागवडीतला धोका नवी जात आणल्याने आपोआप टळत नाही.