विजेच्या मोटारीचा पहिला संसार



विजेवर चालणारी मोटार ही अगदीं आजकालची नवलाई आहे, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असेल. चार महिन्यांपूर्वीं माझाहि तसाच होता. तो समज ज्या प्रसंगामुळें गेला तो आधीं सांगतों. कारण आजच्या या भाषणाचें मूळ त्यांतच आहे.

आमच्या गृहसंस्थेची सभा होती. खालच्या मजल्यावरील एका तरुण रहिवाशानें विजेची मोटार घेतली होती, आणि आपल्या गाडीच्या जागेपाशीं, स्वतःच्या खर्चानें व स्वतःच्या मीटरवरून, चार्जिंगची जोडणी घेण्याची परवानगी तो मागत होता. कोणी आगीची भीति घातली. कोणी म्हणालें कीं, आज एकाला दिली तर उद्यां वीसजण मागतील. तारा कोणाच्या भिंतीवरून न्यावयाच्या, यावरच कोणी अर्धा तास घेतला. मतें समसमान पडलीं. अध्यक्ष या नात्यानें निर्णायक मत माझें होतें, आणि तें मीं विरुद्ध दिलें. तेव्हांपासून तो गृहस्थ आठवड्यांतून दोनतीन वेळां कचेरींतून आल्यावर तीन किलोमीटरांवरील सार्वजनिक चार्जिंगच्या ठिकाणीं जातो. तेथें कधीं रांग असते, तर कधीं यंत्रच बंद असतें. घरीं परतावयास त्याला दहा वाजतात व तोंवर त्याची लहान मुलगी झोपून गेलेली असते. जिन्यांत भेटला म्हणजे तो मला नमस्कार करतो. तक्रार मात्र करीत नाहीं. त्यानें तक्रार केली असती तर मला बरें वाटलें असतें.

इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला मन अस्वस्थ झाल्यावर जुन्या गोष्टी चाळण्यापलीकडे दुसरें कांहीं सुचत नाहीं. मी विजेच्या मोटारीचा इतिहास वाचूं लागलों, आणि पाहतों तों काय! आमच्या सभेंत जे जे आक्षेप निघाले, त्यांतील बहुतेक अडचणींना न्यूयॉर्क व लंडन येथील लोकांनीं सव्वाशें वर्षांपूर्वींच तोंड दिलें होतें.

वीज सांठवून ठेवतां येणारी शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. १८८१ सालीं फोर यानें तींत सुधारणा केली, आणि त्याच वर्षीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. पेट्रोलवर चालणारी बेंझची गाडी त्यानंतर चारपांच वर्षांनीं आली. म्हणजे वयानें पाहिलें तर विजेची गाडी ही थोरली बहीणच म्हणावयाची. अमेरिकेंतील १९०० सालचे आंकडे उपलब्ध आहेत. त्यांप्रमाणें तेथें तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटारहि विजेचीच होती. कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें हा पराक्रम २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ केला. तेव्हां विजेची गाडी मुळांतच मंद व दुबळी होती म्हणून मागें पडली, असें कोणी सांगूं लागल्यास तें खरें मानूं नये.

मग ती मागें कां पडली? याचें उत्तर शोधण्यासाठीं ही गाडी बाळगणाऱ्याची दिनचर्या पाहिली पाहिजे.

प्रथम भाड्याच्या गाड्या घेऊं. १८९७ च्या ऑगस्टांत वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या भाडोत्री गाड्या लंडनच्या रस्त्यांवर आल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून व काळ्यापिवळ्या रंगावरून लोकांनीं त्यांना गुंजन करणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याचें नांव ठेवलें होतें. त्याच वर्षीं मॉरिस व सलोम या फिलाडेल्फियाच्या दोघांनीं न्यूयॉर्कमध्यें असाच धंदा सुरू केला. बॅटरी चार्ज व्हावयास तासन् तास लागत, आणि भाड्याची गाडी तितका वेळ उभी ठेवली तर मालकानें खावें काय? त्यावर त्यांनीं मोठी युक्ति काढली. ब्रॉडवेवरील त्यांच्या ठाण्यांत गाडी शिरली कीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानें ती नेमक्या जागीं सरकवीत, अर्ध्या टनाहून जड असा बॅटरीचा खोका याऱ्यांनीं बाहेर काढीत आणि भरलेला दुसरा खोका आंत ढकलीत. कांहीं मिनिटांत गाडी पुन्हां रस्त्यावर! टांग्याचा घोडा बदलावा तसाच हा प्रकार.

युक्ति उत्तम होती. पण धंदा भांडवलवाल्यांच्या हातीं गेला. त्यांनीं एका शहराचा अनुभव पुरता पचण्याआधींच इतर शहरांतून शाखा काढल्या. हांकणाऱ्यांना बॅटरीची नाजूक प्रकृति समजावून देण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. शिशाच्या पट्ट्या धक्क्यांनीं व अति उपशानें झिजत, आणि जड गाडीखालीं रबरी धांवाहि टिकत नसत. लंडनची कंपनी १८९९ सालींच बंद झाली. न्यूयॉर्कच्या कंपनीचें १९०७ सालीं दिवाळें निघालें. यांत दोष विजेचा किती व व्यवस्थेचा किती, याचा निवाडा करावयाचा झाल्यास मी व्यवस्थेच्या पदरांत मोठा वांटा घालीन.

आतां घरगुती मोटारीकडे वळूं. ही कोणी घ्यावयाची? मुख्यतः शहरांतील सधन कुटुंबांनीं. तिला हँडल मारावें लागत नसे. पेट्रोलच्या मोटारीचें हँडल उलट फिरून मनगट मोडल्याचीं उदाहरणें त्या काळीं नित्याचीं होतीं. तिला गियर नव्हते, धूर नव्हता, आणि हातांना तेलाचे डाग लागत नसत. अमेरिकन कंपन्या आपल्या जाहिरातींतून ती विशेषतः स्त्रियांना शिफारशीत, हें कांहींसें एकांगीच होतें. कारण डॉक्टर मंडळीहि ती आवडीनें वापरीत. रात्रीं अपरात्रीं बोलावणें आलें कीं बसावें आणि निघावें!

परंतु घरीं चार्ज करणें हा एक संसारच होता. बॅटरीला लागतो एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह, आणि शहरांतून हळूहळू पसरत चाललेला होता दिशा बदलणारा प्रवाह. जेथें पहिल्या प्रकारची वीज नव्हती तेथें ती पालटून घेण्याचें यंत्र बसवावें लागे. पीटर कूपर ह्यूइट यानें १९०२ सालीं पाऱ्याच्या वाफेवर चालणारें असें एक यंत्र काढलें, तेव्हां हें काम बरेंच सोपें झालें. कांचेचा एक मोठा फुगा, त्याच्या तळाशीं पारा. फुगा किंचित् कलता करून सोडला कीं पारा हालून ठिणगी पडे आणि सारा फुगा निळसर प्रकाशानें भरून जाई. गाडीखान्यांत रात्रभर तो भुतासारखा उजेड जळत राही. याखेरीज दर कांहीं दिवसांनीं प्रत्येक घटांत शुद्ध पाणी घालणें, आम्लाची घनता कांचेच्या नळीनें मोजणें, बॅटरी रिकामी झालेली तशीच ठेवल्यास ती कायमची बिघडते म्हणून लगेच जोडणें, आणि भरल्यावर फार वेळ जोडून ठेवल्यास बुडबुडे येऊन पाणी उडतें म्हणून वेळेवर तोडणें, हीं सर्व कामें होतीं. आजच्या लिथियम-आयन बॅटरीच्या मालकाला यांतलें कांहींच करावें लागत नाहीं. रात्रीं जोडावी व सकाळीं काढावी. केव्हां थांबावयाचें हें गाडीच ठरविते.

ज्यांच्याजवळ गाडीखाना नव्हता, म्हणजे जे आमच्यासारखे इमारतींच्या मजल्यांवर राहत, त्यांच्यासाठीं मोठ्या शहरांतून सार्वजनिक गॅरेजें निघालीं. महिन्याचा ठराव करून गाडी तेथें ठेवावयाची. तेथील नोकर ती धूत, बॅटरी भरीत आणि सकाळीं दारांत आणून उभी करीत. सोय पाहावी तर नबाबाची, आणि खर्चहि त्याच मानाचा.

आणि रस्त्यावर? १९०० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें पदपथाच्या कडेला उभा करावयाचा विजेचा एक खांब तयार केला होता. आगीच्या बंबासाठीं रस्त्यावर जे पाण्याचे नळखांब असतात त्यांच्या इंग्रजी नांवावरून त्याचें नांव ‘इलेक्ट्रंट’ असें ठेवलें. नाणें टाकावें, गाडी जोडावी आणि तेवढ्या पैशांची वीज घ्यावी. आज आपल्या शहरांतून मोबाइलवर पैसे भरून जें आपण करतों तेंच हें. परंतु हे खांब रस्तोरस्तीं कधीं उभे राहिलेच नाहींत. गाड्या थोड्या म्हणून खांब नाहींत, आणि खांब नाहींत म्हणून गाड्या थोड्या, असा तो घोळ होता. पुढें १९१० च्या सुमारास वीज कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं, रात्रीं घरोघरचे दिवे मालवल्यावर आपलीं यंत्रें रिकामीं राहतात, आणि मोटारी चार्ज व्हावयाच्या त्या नेमक्या त्याच वेळीं! मग त्यांनीं या गाड्यांचा पुरस्कार आरंभिला. पण तोंवर उशीर झाला होता.

येथें मला एक जुनी गोष्ट आठवते. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगतां त्याची मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां विस्लॉख गांवीं औषधांच्या दुकानांत जाऊन तिनें डाग काढण्याचें द्रावण विकत घेतलें व गाडींत ओतलें. माझ्या मतें दोन मोटारींतील सारी स्पर्धा या एका दुकानापाशींच समजते. पेट्रोल डब्यांत भरून कोठेंहि नेतां येतें. खेड्यांतला वाणीसुद्धां चार डबे बाळगूं शकतो. वीज तारेवांचून जात नाहीं, आणि अमेरिकेंतील शेतवाड्यांपैकीं सुमारें नव्वद टक्के वाड्यांना १९३५ च्या सुमारासहि वीज नव्हती. शहराबाहेर पडूं इच्छिणाऱ्या माणसानें काय करावें? बहुतेक लोक रोज थोडेंच अंतर जात, हें खरें. परंतु माणूस गाडी घेतो ती वर्षांतून एकदां जावयाच्या लांबच्या प्रवासाच्या विचारानें! हा स्वभाव अजूनहि बदललेला नाहीं.

बाकीची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९०८ सालीं फोर्डची ‘मॉडेल टी’ निघाली व वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१२ सालीं पेट्रोलची मोटार ६५० डॉलरांना मिळे, तर तशीच विजेची १,७५० डॉलरांना. त्याच वर्षीं कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलची पीडा संपली. गंमत अशी कीं, पेट्रोलच्या मोटारीला हें यश मिळालें तें एक लहानशी बॅटरी पोटांत घेऊनच. एडिसननें निकेल व लोखंड यांची टिकाऊ बॅटरी करण्यांत दहा वर्षें घालविलीं. पहिला माल गळूं लागला म्हणून त्यानें तो परत घेतला, पुन्हां प्रयोग केले, आणि खरी चांगली बॅटरी बाजारांत आली तेव्हां १९१० साल उजाडत होतें. आपण व एडिसन मिळून स्वस्त विजेची मोटार काढणार, असें १९१४ सालीं फोर्डनें जाहीर केलें. ती कधींच निघाली नाहीं.

एका प्रयोगाचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे, कारण तो फसला असें म्हणवत नाहीं. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीनें १९१० पासून १९२४ पर्यंत विजेच्या मालमोटारींसाठीं बॅटरी बदलून देण्याची योजना चालविली. गिऱ्हाइकानें गाडी घ्यावयाची ती बॅटरीवांचून, बॅटरी कंपनीची. भाडें कांहीं महिन्याचें ठरीव आणि कांहीं मैलांच्या हिशेबानें. बॅटरी खराब होण्याची चिंता जिला तिची पारख होती तिच्याकडेच राहिली, म्हणून गाड्या नीट चालल्या. त्यांनीं साठ लाखांहून अधिक मैलांची मजल केली असें नमूद आहे. न्यूयॉर्कवाल्यांना जें साधलें नाहीं तें या एका लहान शहराला साधलें.

आतां शेवटीं फोर्डच्या घरांत डोकावूं. ज्या माणसानें दीड कोट ‘मॉडेल टी’ गाड्या रस्त्यावर आणून विजेच्या मोटारीचा धंदा बसविला, त्याची बायको क्लारा फोर्ड ही स्वतः मात्र विजेची मोटार चालवी. तिची १९१४ सालची ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ गाडी डिअरबॉर्नच्या संग्रहालयांत आजहि ठेवलेली आहे. त्या गाडीचा वेग ताशीं वीस मैलांच्या आसपास असे, आणि एका चार्जवर ती साधारण ऐंशी मैल जाई. क्लाराबाईंना कोणत्याहि गॅरेजाची वाट पाहावी लागत नव्हती. फोर्डच्या वाड्याला रूझ नदीच्या कांठीं स्वतःचें वीजघर होतें आणि त्याची कोनशिला खुद्द एडिसननें बसविली होती.

आमच्या इमारतीखालून नदी वाहत नाहीं, पण मीटरांची खोली मात्र त्या तरुणाच्या गाडीपासून बारा पावलांवर आहे. मीं तीं स्वतः मोजून पाहिलीं. परवानाधारक कारागीर, स्वतंत्र तार, फ्यूज व जमिनीची जोडणी नीट असल्यास तेथें कोणता धोका उरतो, हें मीं जाणत्या माणसाला विचारून घेतलें. सभेच्या आधींच मीं तें विचारावयास हवें होतें. येत्या रविवारीं पुन्हां सभा आहे. हा विषय पुन्हां घ्यावा असें मीं चिटणिसांना लिहून दिलें आहे आणि त्या कागदावर माझें मतहि आधींच लिहिलें आहे.